‘खाली’तून आलेला दगड

मी दगड बोलतोय. पण आधी हात मागे घ्या. मला उचलायचंच असेल तर कशासाठी उचलताय ते सांगा आणि मग उचला. मी उद्धट नाही. पण जो हात दगडाकडे येतो, तो बहुतेक वेळा काहीतरी मनात धरून येतो, हे मी पुरेसं पाहिलंय.

मी आकाराने पेरूएवढा आहे. वजन मात्र अर्ध्या किलोच्या आसपास, त्यामुळे नवा माणूस मला उचलतो तेव्हा दचकतो. रंग काळा. अंगावर पांढऱ्या ऑइल पेंटने, एकसारख्या गोल अक्षरांत लिहिलंय : ‘मँगनीज, तिरोडी’. आणि माझी एक खोड आहे. मला हात लावला की बोटं काळी होतात. फडक्याने पुसली तरी थोडं काळं उरतंच.

मध्य प्रदेशातल्या तिरोडीच्या खाणीत मी जमिनीच्या पोटात होतो. किती वर्षं, ते मोजायला तेव्हा कुणी नव्हतं. मला पहिल्यांदा उजेडात बघितलं ते प्रेमलालने. तो तिथे माल निवडायच्या कामावर होता. त्याने मला तळहातावर घेतलं, उलटसुलट केलं आणि बाजूच्या ढिगात टाकलं. मी पुरेशा चांगल्या प्रतीचा नव्हतो. संध्याकाळी त्याच ढिगातून त्याने मला परत उचललं. फाटकावरच्या माणसाने त्याची पिशवी उघडली, आधी माझ्याकडे बघितलं, मग प्रेमलालकडे.

“हे काहून नेऊन राह्यला बे?”

“पोरीले पायजे. शाळेत दाखवाले.”

फाटकवाल्याने मला दोनदा हातात तोलून बघितलं. पोरगी, शाळा, दगड यांपैकी कशावरही त्याचा विश्वास बसल्यासारखं दिसलं नाही. तरी त्याने मला जाऊ दिलं.

पोरगी खरोखर होती. तिचं नाव ज्योत्स्ना. ती बालाघाटला मुलींच्या वसतिगृहात राहून अकरावीला गणित शिकत होती. तिच्या मोठ्या बहिणीला दहावीनंतर घरी आणून ठेवलं, ते कायमचंच. ज्योत्स्ना शाळेत टिकली होती, कारण तिच्याबद्दल कधी कुणाची तक्रार आली नव्हती. तक्रार यायला निदान बोलावं तरी लागतं. ती बोलतच नसे. वर्गात उत्तर येत असलं तरी वहीत लिहून ठेवायची आणि दुसऱ्या कुणी ते सांगितलं की शेजारी बरोबरची खूण करायची. माझ्यावर ती पांढरी अक्षरं तिनेच काढली. बारीक कुंचल्याने, जीभ दातांत धरून.

विज्ञान प्रदर्शनात मी दोन दिवस पांढऱ्या कागदावर बसलो. तिसऱ्या दिवशी कपाटात गेलो आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी मला खाली स्टोअरच्या दाराशी आणून ठेवलं. वाऱ्याने ते दार आपटत असे. मी मध्ये असलो की आपटत नसे. तिथे मला रोज कुणाचा ना कुणाचा हात, नाहीतर पाय लागायचा. झाडू मारताना विमलाबाई मला सरकवायची. चौकीदार चैतराम दार लावताना मला बाजूला ठेवायचा. पोरं जाता-येता ठोकर मारायची आणि मग स्वतःच लंगडत जायची.

आता त्या गुरुवारचं सांगतो.

आमच्या शाळेत समोरासमोर दोन इमारती आहेत, मध्ये आंगण. एका इमारतीत वरच्या मजल्यावर ऑफिस आहे. समोरच्या इमारतीत, तेवढ्याच उंचीवर, एक वर्गखोली बरीच वर्षं वापराविना पडून आहे. तिच्या दारावर निळ्या रंगात मोठ्ठं लिहिलेलं : ‘खाली’. हिंदीतलं खाली, म्हणजे रिकामी. पण ते इतकी वर्षं तिथे आहे की आता ते त्या खोलीचं नावच झालंय. “खाली में रख दो,” असं सगळे म्हणतात.

ज्योत्स्ना मधल्या सुटीत डबा घेऊन त्याच खोलीत जाऊन बसायची. एकटी. त्या गुरुवारीही ती तिथेच होती.

आणि मी हवेत होतो.

एका हाताने मला दाराजवळून उचललं आणि वर भिरकावलं. हात कुणाचा ते मला माहीत आहे. पण इतक्यात सांगत नाही. ज्योत्स्नालाही तेव्हा माहीत नव्हतं, मग तुम्हालाच का आधी कळावं? हवेत मला एकाच वेळी दोन कामं करावी लागत होती. एक, पुढे जाणं. ते एका चालीने चाललं होतं. दुसरं, वर चढणं. ते मात्र क्षणाक्षणाला मंदावत गेलं, थांबलं आणि उलटं झालं. वर जाणारा मी खाली येऊ लागलो, पुढे जातच राहिलो आणि ऑफिसच्या खिडकीच्या काचेतून आत घुसलो.

खिडकीशी बंडोपंत बाबू उभे होते. ते शाळेचे हेडक्लार्क, सगळे त्यांना बाबूजी म्हणतात. काचेचा तुकडा त्यांच्या कपाळाला लागला. रक्त चष्म्यावर आलं. पुढे तीन टाके पडले.

प्राचार्य शीला मॅडम धावत आल्या. त्या रीवाकडच्या, मराठी त्यांना ठाऊक नाही. बाहेरच्या व्हरांड्यात विमलाबाई बादली घेऊन थिजली होती.

“किसने फेंका? कहाँ से आया?”

विमलाबाई घाईत, घाबरत, जमेल त्या हिंदीत म्हणाली, “मॅडमजी, मैंने देखी ना! पत्थर खाली से आया!”

शीला मॅडमनी फुटलेल्या काचेतून समोर बघितलं. समोरच ते निळं दार. उघडं. “खाली से?”

“हौ, खालीच से!”

त्या दारात, डबा हातात धरून, आवाज कसला झाला ते बघायला ज्योत्स्ना बाहेर आली होती.

पुढचं सगळं फार पटापट झालं. मॅडमनी मला रुमालात धरून उचललं आणि माझ्यावरची अक्षरं वाचली. “तिरोडी. ये लड़की भी तो तिरोडी की है ना?” कुणीतरी सांगितलं की अक्षरही तिचंच आहे. मग बाबूजींच्या संगणकावर बाहेरच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघण्यात आलं. त्या कॅमेऱ्यात आंगण दिसतच नाही. खिडकीच्या पुढचा जेमतेम दोन मीटरचा भाग दिसतो. त्यात एक काळा ठिपका वरून खाली येताना दिसला. झालं. दगड तिचा, अक्षर तिचं, खोलीत ती एकटी आणि दगड वरून येतोय.

“बोलो, क्यों फेंका?”

ज्योत्स्नाचे ओठ हलले. आवाज आला नाही. आणि माणसांचं एक मी बघून ठेवलंय : जो बोलत नाही, त्याच्याबद्दल बाकीचे बोलून टाकतात. “घुन्नी है, आतल्या गाठीची,” एक बाई म्हणाल्या. “ऐसे चुप वालेच करतात,” दुसऱ्या म्हणाल्या. सोमवारी बापाला घेऊन यायचं आणि दाखला घेऊन जायचं, असं ठरलं. दाखला म्हणजे तिरोडी. आणि तिरोडीला परत गेलं की काय, ते मोठ्या बहिणीकडे बघून तिला माहीत होतं.

मला पारदर्शक पिशवीत घालून बाबूजींच्या टेबलावर ठेवलं. पुरावा म्हणून. दारात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाचे हात मी पिशवीतून निरखत होतो. एक जोडी हात खिशात होते.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ज्योत्स्ना ऑफिसच्या दारात आली. आत आली नाही. चिठ्ठी पुढे केली. बाबूजींनी चष्मा वर करून मोठ्याने वाचली : “बाबूजी, मला गुरुवारचं चित्रण पुन्हा बघू द्याल का? मी काही पुसणार नाही. तुम्ही शेजारी बसा.”

बाबूजींच्या कपाळावर पट्टी होती. त्यांचं घराणं बालाघाटात तीन पिढ्या सरकारी नोकरीत. कागद मागणाऱ्या माणसाकडे संशयाने बघायची सवय त्यांना घरातूनच मिळालेली.

“कशाला पाहिजे? परत एकदा डोकं फोडायचं आहे का माझं?”

तिने नकारार्थी मान हलवली.

“बरं. बस. पण माऊसला हात लावायचा नाही. मी लावीन.”

त्यांनी चित्रण लावलं. ठिपका आला आणि गेला. तिने बोटाने खूण केली : परत. मग : हळू. मग : एकेक चित्र थांबवून. पाच चित्रांत मी पाच ठिकाणी दिसत होतो. तिने दप्तरातून बटर पेपर काढून पडद्यावर चिकटवला आणि पेन्सिलीने पाच ठिपके दिले.

“हे काय?”

ती पहिल्यांदा बोलली, तेही टेबलाकडे बघत. “दगड वरून खाली येऊन राह्यला बाबूजी. पण वरून निघाला का, हे त्यात नाही दिसत.”

बाबूजी म्हणाले, “पुढे.”

पडद्यावरच्या बोटभर अंतराचे खरे मीटर किती, ते कळायला हवं होतं. विमलाबाईला बोलावलं. कोळ्यांची जाळी काढायचे दोन बांबू एकाला एक बांधले आणि दर अर्ध्या मीटरवर लाल रबर लावलं. ती आंगणात बांबू उभा धरून राहिली आणि बाबूजी वरून ओरडत राहिले.

“थोडा मागे! अजून मागे! विमलाबाई, बांबू सरळ धर, तू वाकडी झालीस तर चालेल!”

“माही कंबर गेली बाबूजी! या पोरीनं दगडही फेकला अन् मलेच उभं केलं!”

ज्योत्स्नाने ते ऐकलं. पेन्सिल क्षणभर थांबली, मग पुढे चालू लागली. विमलाबाईलाही तीच वाटत होती तर.

मग तिने आलेख कागद काढला. ऑफिसच्या भिंतीपासून आंगणात किती लांब, ते आडव्या रेषेवर, म्हणजे x. जमिनीपासून किती उंच, ते उभ्या रेषेवर, म्हणजे y. फेकलेली वस्तू पुढे एका चालीने जाते आणि वर-खाली होताना तिची चाल बदलत राहते, म्हणून तिच्या वाटेच्या समीकरणात x चा वर्ग येतो. अशी वाट म्हणजे वर्गफलाचा आलेख, आणि तीन बिंदू मिळाले की तो पक्का होतो. चौथा मग त्याच वाटेवर बसावा लागतो. माझ्यासारख्या जड दगडाला वाराही फारसा हलवत नाही. आतल्या भिंतीवर माझा काळा डाग पडला होता, तो तिने मुद्दाम धरला नाही. वहीत लिहिलं : काच फुटल्यावर वेग बदलतो.

भिंतीपाशी मी चार मीटर उंच होतो. एक मीटर अलीकडे पावणेपाच. दोन मीटर अलीकडे पाच. तिने तीन समीकरणं मांडली आणि सोडवली. उत्तर आलं :

y = −x²/4 + x + 4

उरलेले दोन ठिपके तिने त्यात घालून बघितले. दोन्ही बसले. मी टेबलावरून बघत होतो. माझी वाट, जी मी एकट्याने चाललो होतो, एवढ्याशा ओळीत कागदावर पडली होती. मला जरा भीतीच वाटली तिची.

“आता?” बाबूजींची खुर्ची तिच्या बाजूला सरकली होती.

“‘खाली’ची खिडकी इथून किती लांब हाय?”

“चौदा मीटर. नकाशा माझ्याचजवळ आहे.”

तिने x च्या जागी चौदा घातले. वर्ग एकशे शहाण्णव, त्याचा चौथा भाग एकोणपन्नास. चौदा आणि चार अठरा, त्यातून एकोणपन्नास गेले. तिने उत्तराखाली दोन रेघा ओढल्या : उणे एकतीस.

बाबूजींनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. “बेटा, ती खोली तर चार मीटर वर आहे.”

“हौ,” ती म्हणाली.

मग तिने उलटा हिशोब केला. फेकताना माणसाचा हात साधारण दीड मीटर उंचीवर असतो. वाट त्या उंचीला कुठे येते? भिंतीपासून पाच मीटर चौऱ्याहत्तर सेंटिमीटरवर. ती टेप घेऊन खाली गेली. फुटलेल्या काचेच्या भोकातून मला सगळं दिसत होतं. तिने मोजलं, खडूने फुली मारली आणि वाकलेलीच राहिली. फुलीच्या बाजूला एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती. स्टोअरच्या दारापासून चार पावलांवर. खुर्चीच्या हातावर चार काळ्या बोटांचे ठसे होते.

ती खुर्ची कुणाची, ते शाळेत सगळ्यांना माहीत आहे.

ती वर आली तेव्हा बाबूजींनी विचारलं, “तिथे कोण बसतं, माहीत आहे ना? नाव लिही खाली.”

“माह्या गणितात नाव नाही येत बाबूजी. जागाच येते.”

“मग सोमवारी काय सांगशील?”

“मी नाही फेकला. एवढंच.”

खरं सांगतो, मी तिच्यावरही संशय घेतला. मला वाटलं, ही जपून ठेवतेय. ऐन वेळी नाव काढील. माणूस असंच करतो.

सोमवारी सकाळी प्रेमलाल तिरोडीहून आला. नखांत माझ्याच जातीचं काळं. त्याने मला पिशवीत बघितलं आणि ओळखलं. मग पोरीला व्हरांड्यात बाजूला घेतलं. पण दार उघडं होतं.

“खरं सांग. मी काही मारत नाही. तुवाच फेकला का?”

तिने मान वर केली. चार दिवसांत ती कुणासमोर रडली नव्हती, तेव्हाही रडली नाही. पण बापाने विचारलं, हे तिला लागलं. ती सरळ आत गेली आणि आलेख कागद शीला मॅडमच्या टेबलावर पसरला. बाबूजी शेजारी उभे राहिले. विमलाबाई पाण्याचे पेले घेऊन आली होती, ती थांबली. दारात चैतराम.

ज्योत्स्ना बोलू लागली. आवाज इतका बारीक की मॅडमना पुढे वाकावं लागलं. तीन बिंदू, एक समीकरण, उरलेले दोन बिंदूही त्यावरच. शेवटी तिने बोट उणे एकतीसवर ठेवलं.

“मॅडमजी, मैं उस कमरे से फेंकती, तो मेरे को एकतीस मीटर…” तिला हिंदी शब्द आठवेना. तिने मराठीच वापरला. “...एकतीस मीटर खाली खड़ा रहना पड़ता. जमीन के अंदर.”

“खाली?” मॅडम गोंधळल्या. “खाली मतलब?”

“खाली म्हणजे नीचे, मॅडम,” बाबूजी म्हणाले. म्हणाले, आणि त्यांचा हात हळूच कपाळावरच्या पट्टीकडे गेला. “अरे देवा. मराठीत खाली म्हणजे नीचे.”

विमलाबाईने पेल्यांचा ट्रे टेबलावर आदळला. “मंग मी काय म्हटलं होतं? मी तं त्याच दिवशी म्हटलं! खाली से आया! नीचे से! माह्यं कोनी ऐकलं का?”

“तो तुमने ये क्यों नहीं कहा कि उस कमरे से नहीं आया?”

“मले काय मालूम तुमी खोली समजल्या! मले वाटलं, पोरीनं खालून फेकला अन् वर पळाली.”

शीला मॅडमनी बोट आलेखातल्या हाताच्या उंचीच्या बिंदूवर ठेवलं. पाच पूर्णांक चौऱ्याहत्तर. “और यहाँ? यहाँ कौन था?”

बाबूजींनी ज्योत्स्नाकडे बघितलं. विमलाबाईनेही. मी वाट बघत होतो. आता. आता नाव येणार.

“मेरे को नहीं मालूम मॅडमजी,” ज्योत्स्ना म्हणाली. “मैं तो ऊपर थी.”

ती खोटं बोलली नाही. तिने पाहिलं नव्हतंच. तिने खुर्ची पाहिली होती, माणूस नाही. मी इतक्या माणसांना निरखलंय, पण ठसे दिसल्यावरही तेवढ्यावरच थांबलेलं कुणी बघितलं नव्हतं.

दारात काहीतरी खरखरलं. चैतरामने हात खिशातून बाहेर काढले होते.

“मॅडमजी, वांदर होतं. छज्ज्यावर. पोराइचे डबे घेऊन पळते ना, काळ्या तोंडाचं. मैंने उसको मारा. छज्जे के नीचे से निकल गया पत्थर.”

“चार दिन से चुप थे? एक बच्ची का दाखला कट रहा था!”

चैतराम ज्योत्स्नाकडे बघू शकला नाही. “मैं सोचा, बच्ची है, बच्ची को माफ़ कर देंगे. मेरे को कौन करता?”

बाबूजीच म्हणाले, “डोकं माझं फुटलंय, तर माफीचं आधी मला विचारा. चैतराम, पहिले पोरीची माफी माग.”

त्याने मागितली. हात जोडून. जोडलेल्या हातांच्या रेषांत माझं काळं अजून होतं. त्याची नोकरी राहिली, पण शीला मॅडमनी त्याच्याकडून हे सगळं लिहून घेतलं आणि ते पुढच्या सोमवारच्या प्रार्थनेत मोठ्याने वाचायला लावलं. ज्योत्स्नाचा दाखला फाडला. “ये पत्थर बाहर फेंक दो,” त्या म्हणाल्या.

“दगड माझा आहे,” ज्योत्स्ना म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मराठीत.

व्हरांड्यात प्रेमलालने आलेख कागद हातात घेतला. उलटा धरला होता, तिने सरळ केला. त्याने उत्तराखालच्या दोन रेघांवर काळं बोट ठेवलं.

“हे उणे एकतीस म्हणजे किती खाली, वं?”

“तुमच्या खाणीएवढं, बाबा.”

तो जरा हसला. मग हसू गेलं. “मी तुले विचारलं, ते…”

“राहू द्या,” ती म्हणाली. पण त्याच्या बोटाचा कागदावर पडलेला काळा ठसा तिने पुसला नाही. तो कागद अजून तिच्या वहीत आहे, ठसा मूळबिंदूच्या जरासा उजवीकडे.

आता मी ‘खाली’च्या खिडकीत असतो. ती डबा खाते, मी कागद उडू देत नाही. हल्ली दोघी-तिघी आणखी येतात, गणित विचारायला. प्रत्येकीचा हात माझ्याकडे आला की मी अजूनही आधी बोटं बघतो, मग चेहरा. ती सवय जाणार नाही. माझी एवढीच विनंती आहे : दगड कुणाचा, हे बघून फेकणारा ठरवू नका. आणि सांगणारी बाई कोणत्या भाषेत सांगतेय, ते एकदा तिलाच विचारा.

काल निघताना ज्योत्स्नाने मला हातात घेतलं. दारापाशी थांबली. व्हरांड्यात कुणी नाही, हे दोन्हीकडे बघून घेतलं. मग माझी धारदार बाजू दारावर टेकवून, त्या निळ्या ‘खाली’च्या शेजारी, एकसारख्या गोल अक्षरांत काळं लिहिलं :

‘नाही, वर.’